मास्तर, धरून बसा

सातारा, रविवार

चि. सायली,

परवा फोनवर तू विचारलंस, "काका, पिलाटीस लावू का? पैसे बक्कळ मागतायत." मी म्हटलं, पत्राने कळवतो, तर तू हसत सुटलीस. हस बापडी. पण तुझ्या फोनमध्ये दर पाच मिनिटांनी कुणाची तरी मीटिंग घुसते, आणि कंबरेचं बोलणं असं उभ्या उभ्या होत नाही. शिवाय माझी खोड तुला माहीत आहे. 33 वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. ट्रिप संपल्यावर वेबिल आणि रोकड जुळल्याशिवाय डेपोतून पाय निघायचा नाही. या पिलाटीसचाही मी तसाच हिशोब मांडलाय, जमा आणि खर्च दोन्ही बाजू.

तुला वाटेल, म्हाताऱ्याला या वयात हे कुठून सुचलं. एका स्ट्रॉबेरीच्या पाटीमुळे सुचलं.

निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. पाचगणीहून वाईला उतरत होतो, पसरणी घाटातून. गाडी सुटली तरी मी जागा बघत मागे चाललो होतो. पहिल्याच वळणाला ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि मी थेट एका बाईंच्या मांडीवर. त्यांच्या मांडीवर स्ट्रॉबेरीची पाटी. पुढचं सांगत नाही, सदरा काकूने तीनदा धुतला तरी डाग गेला नाही. बाईंपेक्षा कंडक्टर जास्त लागला मला. पोरगेला होता, माझ्याच हाताखाली कधीतरी शिकून गेलेला. उठवत म्हणाला, "मास्तर, धरून बसा की!"

अगं, हे वाक्य मी दिवसातून पन्नासदा लोकांना ऐकवायचो. त्याच घाटात, धरायला हात मोकळा नसताना उभा राहायचो. डाव्या हातात तिकिटांचा ट्रे, उजव्या हातात पंच, खांद्याला पैशाची पिशवी. नवा पोरगा ड्युटीला आला की पाय जुळवून, गुडघे ताठ करून, श्वास कोंडून उभा राहतो आणि वळण आलं की सीटच्या दांडीवर आपटतो. मुरलेला कंडक्टर पाय खांद्याइतके फाकवतो, एक जरासा पुढे, गुडघे सैल, कुल्ल्याची कड दांडीला नुसती टेकलेली. आणि ड्रायव्हरचा पाय ब्रेककडे जायच्या आधीच त्याचं अंग सावध झालेलं असतं. इंजिनाचा सूर बदलतो ना, तो पोटाला आधी कळतो, डोक्याला मागाहून. हे नीट ध्यानात ठेव, पुढे लागणार आहे.

तर असा मी पाटीवर पडलो. कारण उघड होतं. पाच वर्षं मी पेपर घेऊन एकाच खुर्चीत बसलो होतो. मला कुणी हलवलंच नव्हतं.

पुढे महिन्याभरात डिकीतून तांदळाचं 25 किलोचं पोतं उचलताना कंबरेत उसण भरली, ती अशी की चार दिवस बाथरूमला भिंत धरून जायचो. गल्लीतले सगळे येऊन सांगून गेले, "मणक्यात गॅप पडला असणार." या 'गॅप'ची गंमत बघ. दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते, जिला आपण गादी म्हणतो. वयाबरोबर ती वाळून बसकी होते आणि एक्स-रेमध्ये मणक्यांतलं अंतर कमी दिसतं. म्हणजे गॅप कमी झालेला असतो आणि लोक म्हणतात, गॅप पडला! इतकी वर्षं आपण उलटंच बोलतोय.

सूनबाई फिजिओथेरपिस्ट, पण घरच्या वैद्याचं औषध कोण घेतो? आठ दिवस बेल्ट बांधून फिरलो. शेवटी तिनेच मला सतरंजीवर उताणं झोपवलं, गुडघे मोडून तळवे जमिनीला, आणि स्वयंपाकघरातून स्टीलची वाटी आणली. अर्धी वाटी पाणी. ती माझ्या बेंबीच्या खाली ठेवली आणि म्हणाली, "बाबा, आता उजवा पाय जमिनीपासून फक्त टीचभर उचला. पाणी हलता कामा नये."

मला हसू आलं. टीचभर पाय? मी टपावर चढून प्रवाशांच्या ट्रंका लावल्यात. पाय उचलला आणि वाटी डावीकडे कलंडून सगळं पाणी कुशीत. पुन्हा भरली. पुन्हा सांडलं. पाय उचलायच्या क्षणाला माझा अख्खा कटिभाग हिसका देऊन एका बाजूला डुलत होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मग मी पोट दगडासारखं आवळलं, तर वाटी थरथरायला लागली आणि श्वासच बंद. सूनबाई म्हणाली, "इतकं नको. शिंक येण्याआधी जेवढं घट्ट होतं ना, त्याच्या चौथाई. आणि श्वास सोडता सोडता पाय उचला." दहा मिनिटांत मला घाम फुटला. त्या दिवशी तिने एकच वाक्य सांगितलं, ते तिच्या सगळ्या डिग्रीच्या वरचं होतं: "बाबा, तुमची कंबर कमजोर नाही, ती उशिरा जागी होते."

याला पुरावाही आहे, तो मी तिच्याकडून वाचून घेतला. 1996 साली पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी एक साधा प्रयोग केला. माणसांना उभं करून हात झटकन वर करायला सांगितला आणि पोटाच्या स्नायूंत बारीक तारा घालून कोणता स्नायू कधी चेततो ते मोजलं. पोटाचा सगळ्यात आतला स्नायू कमरेभोवती आडव्या पट्ट्यासारखा गुंडाळलेला असतो. निरोगी माणसात तो हात हलायच्या आधी चेतला. ज्यांना कंबरदुखीचा त्रास होता, त्यांच्यात त्याला उशीर झाला. हे ऐकताना मला घाटातला तो मुरलेला कंडक्टर आठवला, ब्रेकच्या आधी सावध होणारा. माझ्या अंगातला तो कंडक्टर खुर्चीत बसून झोपी गेला होता, म्हणून पहिल्याच वळणाला मी स्ट्रॉबेरीत.

पुढच्या संशोधनाने या एकट्या स्नायूचं कौतुक बरंच कमी केलं, तेही सांगतो. पाठीच्या मणक्यांना चिकटलेले बारके स्नायू, वर श्वासाचा पडदा, खाली ओटीपोटाचा तळ, मागे कुल्ल्याचे मोठे स्नायू, हे सगळे मिळून गाडी चालवतात. म्हणून कुणी तुला दिवसभर पोट आत ओढून बसायला सांगितलं तर ऐकू नकोस. तो कंडक्टर ताठ गुडघ्यांचाच.

या पद्धतीचा मूळ पुरुष योझेफ पिलाटिस. जन्म 1883, जर्मनीतलं म्योन्शनग्लाडबाख. पोर रोगट: दमा, मुडदूस, सांधेताप. त्या चिडीपायी तो व्यायामाच्या मागे लागला. पहिल्या महायुद्धाच्या आधी इंग्लंडला गेला आणि युद्ध पेटल्यावर शत्रूदेशाचा माणूस म्हणून ब्रिटिशांनी त्याला पकडून ठेवलं, शेवटी आयल ऑफ मॅन बेटावरच्या नोकेलो छावणीत. तिथे वीस हजारांवर माणसं तारेच्या कुंपणात होती. वर्षानुवर्षं बंदिस्त, जागा थोडी आणि वेळ उदंड. जमिनीवर पडून, स्वतःच्याच वजनाने करायचा व्यायाम अशा ठिकाणी वाढावा यात नवल नाही. खाटांच्या स्प्रिंगा काढून त्याने आजाऱ्यांसाठी यंत्रं केली असंही सांगतात. गोष्ट छान आहे, पण मी तिला अजून तिकीट फाडलेलं नाही.

1926 मध्ये तो न्यूयॉर्कला आला आणि बायको क्लारा हिच्यासोबत एट्थ ॲव्हेन्यूवर स्टुडिओ काढला. नाच करणारी मंडळी त्याच्याकडे रांग लावू लागली. मार्था ग्रॅहम, जॉर्ज बॅलन्शीन अशी मोठी माणसं आपले दुखावलेले नर्तक त्याच्याकडे पाठवत. तो स्वतः या व्यायामाला 'कंट्रोलॉजी' म्हणायचा, म्हणजे ताबा ठेवण्याची विद्या. 1945 च्या पुस्तकात त्याने सतरंजीवर करायचे 34 प्रकार दिले. 1967 मध्ये गेला. गंमत म्हणजे तो न्यूयॉर्कमध्ये जम बसवत होता त्याच सुमारास आपल्याच जिल्ह्यात औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार घालून घेत होते. तुझे आजोबा त्यातलेच, सत्तरीतही बारा घालायचे. त्यामुळे आमच्या घराला हे अगदीच परकं नाही.

मग फरक काय? मला जाणवला तो सांगतो. त्याचा पहिला प्रकार आहे 'हंड्रेड'. उताणं पडून डोकं आणि पाय उचलायचे आणि सरळ हात पंपासारखे वर-खाली मारायचे. पाच मोजत श्वास आत, पाच मोजत बाहेर, अशा दहा फेऱ्या, म्हणजे शंभर. कंडक्टरला मोजायला काय! पण सूनबाईने मला डोकं उचलू दिलं नाही, पाय सरळ करू दिले नाहीत. गुडघे मोडून, डोकं उशीवर. म्हणाली, हात हलताना बाकी धड गप्प राहतं का तेवढंच बघायचं. सगळ्या प्रकारांचं सार हेच: एक अवयव हलतो आणि बाकीचे आपापल्या जागी जागे राहतात. तालमीत आम्ही जोर मोजायचो, इथे गळती मोजतात.

आता कण्याचं. मणके एकूण 33, त्यातले खालचे सांधले गेलेले, हलणारे वरचे 24. बाजूने पाहिलंस तर कणा सरळ नसतो. मान आत, पाठ बाहेर, कंबर पुन्हा आत, असा लाटेसारखा. म्हणून 'ताठ बस' म्हणून शाळेत आम्हाला जे बसवायचे ते ताठ नव्हेच. आणि इथे खुद्द पिलाटिस चुकला होता! तान्ह्या मुलासारखी पाठ सपाट असावी असं त्याचं मत. आजचे शिकवणारे ते मानत नाहीत, कमरेची नैसर्गिक पोकळी तशीच ठेवून शिकवतात. तुझ्या क्लासात कुणी दर वेळी कंबर जमिनीला दाबून सपाट करायला लावत असेल तर एकदा 'का' विचार.

चकत्यांना मोठ्या माणसात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. आजूबाजूचं द्रव झिरपून त्यांचं पोट भरतं आणि दाब पडणं, सुटणं या हालचालीने त्याला मदत होते. दिवसभर उभं-बसून त्यातलं पाणी दाबलं जातं, रात्री आडवं झाल्यावर परत भरतं. त्यामुळे सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर तरी उंच असतो. खोटं वाटत असेल तर दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण कर. मी केली, काकू ओरडली. पण याचा दुसरा अर्थ असा की उठल्या उठल्या चकत्या टम्म फुगलेल्या असतात आणि तेव्हा ओणवं वाकणं त्यांना सोसत नाही. तुझी कंबर धरलेली असेपर्यंत सकाळी अंथरुणातून थेट नमस्कारांना लागू नकोस, आजोबांची शपथ घातली तरी.

आणि तो तुझा एमआरआय. रिपोर्टात 'डिस्क बल्ज' वाचून तू रात्रभर जागी होतीस, असं तुझी आई सांगत होती. अगं, ज्यांना काहीही दुखत नाही अशा 3110 लोकांची तपासणी एकत्र करून 2015 मध्ये एक निबंध निघाला. त्यात विशीतल्या ठणठणीत माणसांपैकीही सुमारे 30 टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या, ऐंशीतल्यांत 84 टक्के. फोटोत दिसतं ते सगळंच दुखत नसतं. मात्र पायातली ताकद गेली, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा सुटला, तर व्यायाम-बियाम बाजूला ठेवून त्याच तासाला डॉक्टर. तिथे पत्राची वाट बघायची नाही.

खर्चाची बाजू आता. पहिली गोष्ट, पिलाटीस म्हणजे जादू नाही. कॉक्रेन नावाची संस्था औषधोपचारांचे पुरावे तपासते. 2015 मध्ये तिने कंबरदुखीवरचे 10 प्रयोग, मिळून 510 रुग्ण, एकत्र पाहिले. फारसं काहीच न करणाऱ्यांपेक्षा पिलाटीसवाल्यांचं दुखणं कमी झालं, रोजची कामं सोपी झाली. पण दुसरा एखादा व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते सरस ठरलं, असं म्हणण्याइतका पुरावा नाही. सूनबाईला वाटलं मी हे ऐकून सोडून देईन. मला उलट बरं वाटलं. चालणारी, पोहणारी, योग करणारी माणसंही बरी होतात, म्हणजे गाडी कोणतीही पकड, वाईला पोचशील. मला हीच का मानवली? कारण यात लक्ष दुसरीकडे ठेवताच येत नाही. चालताना मी मनात सगळ्या जगाशी भांडतो. वाटी पोटावर असताना भांडता येत नाही.

दुसरी गोष्ट काकूची. तिची हाडं ठिसूळ निघाली तेव्हा मी उत्साहाने तिला माझ्या शेजारी सतरंजी अंथरली होती. सूनबाईने उचलून टाकली. गुडघे पोटाशी घेऊन चेंडूसारखं लोळणं, झोपलेलं असताना मणक्यामागून मणका सोडवत उठून बसणं, हे सगळं तिला बंद. कारण अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये 1984 सालीच दिसलं होतं की हाडं विरलेल्या बायकांनी पुढे वाकण्याचे व्यायाम केले तर मणके अधिक मोडतात. नुसतं पुढे वाकणाऱ्या 9 जणींपैकी 8 जणींचे नवे मोडले, मागे ताणणाऱ्या 25 जणींपैकी 4 जणींचे. आकडे लहान आहेत, पण मी माझ्या बायकोवर ते पुन्हा पडताळणार नाही. ती पालथी पडून छाती हलकेच उचलण्याचा प्रकार करते. पाठ हसते तिची आता, पूर्वी कुबड निघायला लागलं होतं. तेव्हा क्लासात सगळ्यांना एकच पाढा म्हणायला लावत असतील तर ती जागा आपली नाही.

तिसरी गोष्ट क्लासच्या दारावरच्या पाटीची. 'पिलाटीस' हे नाव कुणाच्या मालकीचं, यावर अमेरिकेत मोठा खटला झाला. ऑक्टोबर 2000 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने ठरवलं की कराटे किंवा योग याप्रमाणे हे व्यायामाचंच नाव आहे, ट्रेडमार्क नव्हे. निकाल योग्यच, पण त्यामुळे पाटी कुणीही लावावी. तू फी विचारण्याआधी शिकवणाऱ्या बाईंना विचार, कुठे शिकलात, किती दिवस शिकलात, आणि माझ्या रिपोर्टाचं काय करणार. तिसऱ्या प्रश्नावर ज्या रिपोर्ट मागून घेतील त्या बऱ्या. सरकत्या पाटाचं ते स्प्रिंगांचं यंत्र, ज्याला रिफॉर्मर म्हणतात आणि ज्यासाठी तुझे पैसे जाणार आहेत, ते वाईट नाही. स्प्रिंग आधारही देते आणि विरोधही. पण सुरुवातीचे दोन-तीन महिने जमिनीवर जे शिकायचं असतं ते त्याच्यावाचून अडत नाही.

तोलाचं राहिलं. तोल डोळे, कानाच्या आतली यंत्रणा आणि तळपाय-सांध्यांकडून येणारी खबर, या तिघांच्या हिशोबावर चालतो. म्हाताऱ्यांवरच्या चाचण्यांत पिलाटीसने तोल सुधारलेला दिसतो खरा. पण मी भांडलो सूनबाईशी: पाठीवर पडून तोल कसा येईल? ती म्हणाली, धडाचा पाया पाठीवर पडून, बाकीचं उभं राहून. म्हणून दात घासताना मी एका पायावर उभा राहतो, आधी बेसिन धरून, मग बोट टेकवून, मग नुसता. डोळे मिटलेस तर कळेल आपण किती उधारीवर जगतो. ब्राझीलमध्ये 51 ते 75 वयाच्या 1702 लोकांना दहा सेकंद एका पायावर उभं केलं होतं. ज्यांना जमलं नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यू बरेच जास्त झाले. निबंध 2022 चा आहे. पाय उचलल्याने आयुष्य वाढतं असा त्याचा अर्थ नव्हे. तोल जातो तेव्हा बरंच काही आधी गेलेलं असतं, एवढाच. तुझं वय 27. तुला दहा सेकंद सहज जमतील असं तू म्हणशील. घड्याळ लावून, अनवाणी, डोळे मिटून कर आणि मग मला फोन कर.

माझी मात्र एक परीक्षा झाली. गेल्या महिन्यात पुन्हा पसरणी उतरलो. गाडी भरलेली, मी उभा. दांडी धरली नव्हती असं नाही, पण दोन बोटांनी. वळणाआधी इंजिनाचा सूर पडला आणि गुडघे आपले आपण सैल झाले. मीच चपापलो. त्या आनंदात माझा स्टॉप गेला.

पुढच्या शनिवारी ये. मॅट आणू नकोस, सतरंजी दुहेरी घालून ठेवतो. काकूने वाटी वेगळी काढली आहे, तुझ्यासाठी जरा मोठी.

तुझा,
काका

ता. क. पहिल्या दिवशी जुना ड्रेस घालून ये.